अळणी पेज

खडा खरखरीत होता... मिठाचा एवढासा खडा, रुक्माच्या दोन बोटांत. खाली पितळीत वाफाळलेली पेज, आणि पडवीत चिखलाचे पाय लांब करून बसलेला उमाजी—बांधाच्या भांडणात कोयत्यानं तिच्या नवऱ्याची, पुंडलिकची, दोन बोटं उडवणारा उमाजी. आज भाताचा शेवटचा भारा खळ्यावर आला होता. टाकावा का खडा?

देवळापुढं बसून गावानं ठरवलं होतं—पोलिसांत जायचं न्हाई. पुंडलिकचं शेत उमाजीनं करायचं, जेवायचंही पुंडलिकच्याच घरी, पण अळणी. ज्या दिवशी रुक्मा पेजेत मीठ घालील, त्या दिवशी मिटलं. तोवर त्यानं राबायचं. किती सोपं बोलतात मेली माणसं! तुरुंगात गेला असता तर निदान डोळ्यांपुढं तरी नसता.

शेत पिकलं, व्हय, सोन्यासारखं पिकलं. पण पुंडलिक टोपल्या विणताना गुणगुणायचा—नाकातल्या नाकात, बेसूर, आणि दुपारी जमिनीवर पाठ टेकली की त्या आवाजातच तिचा डोळा लागायचा, गावामागचं अणशीचं सगळं रान घरात शिरल्यासारखं वाटायचं... बोटं गेली, विणणं गेलं, घर मुकं झालं. ते कोण पेरून देणार मला?

"वैनी, पेज हाय न्हवं?" उमाजी हळूच म्हणाला.

"घाई हाय काय तुला?" त्या भांडणानंतर ती त्याच्याशी आज पहिल्यांदाच बोलली.

"तसं न्हाई. दादानं टोपलीसाठी बांबूच्या कामट्या भिजत घातल्यात. म्हणला, शिकवतो तुला. माझी बोटं, त्याची नजर."

आणि परसातून ते आलं. नाकातल्या नाकात. बेसूर.

रुक्माचा जीव गलबलला. मग रागच आला—बोटं गेल्यापासून माझ्यासाठी एकदाही न्हाई, आणि ह्याच्यासाठी? या कोयतेवाल्यासाठी? पण आवाज येतच राहिला, तिच्या पापण्या जड झाल्या, पडवी, पितळी, उमाजीचे चिखलाचे पाय, सगळं त्यात हलकं होऊन तरंगायला लागलं... मीठ घातलं की हा मोकळा. उद्यापासून कशाला येईल? मग परसात कोण बसेल, आणि तो कुणासाठी गुणगुणेल?

"वैनी?"

"थांब की रे बाबा."

खडा घामानं ओला झाला होता, बोटं चिकटली होती. इतके दिवस रागानं अडवलेला हात आजही पितळीवर तसाच अडला होता, आणि राग मात्र, कितीही शोधला तरी, तिला कुठंच सापडत नव्हता.