घरच्या माणसांची तसबीर

सखुबाईला मुंबईला आणलं ते मुंबई दाखवायला, असं निदान पत्रात तरी लिहिलं होतं. तिचा मामेभाऊ कमलाकांत सरकारी कचेरीत हेडक्लार्क, ठाकूरद्वारला वडिलार्जित दुमजली घर, आणि बायको राजलक्ष्मी पहिल्या खेपेची पोटुशी. त्याने चौलला सखूच्या नवऱ्याला, गणपतरावांना लिहिलं की बाळंतपणाला घरचं माणूस हवं, सखूताईला पाठवा, सव्वा महिन्याची तर गोष्ट; तेवढ्यात तिला सारी मुंबई दाखवू आणि परत बोटीत बसवून देऊ. गणपतराव म्हणजे देवमाणूस. नारळी-पोफळींना पाणी लावण्यापलीकडे त्यांना जगाची वार्ता नव्हती, त्यांनी लगेच हो म्हटलं. सात वर्षांच्या मंजुळेला जावेच्या हवाली करून सखू अठराशे त्र्याण्णव सालची दिवाळी झाल्यावर रेवदंड्याहून बोटीत बसली. संक्रांतीच्या आत येते आणि काय काय बघितलं ते सगळं सांगते, असं तिने लेकीला कबूल केलं होतं.

त्याला वर्ष होत आलं. संक्रांत गेली, शिमगा गेला, आणि सखू अजून ठाकूरद्वारच्या माजघरातच होती.

बाळंतपण झालं, बारसं होऊन पोराचं नाव जयवंत ठेवलं, तेव्हा मामी म्हणाल्या की पोराला जरा अंग धरू दे. मामी म्हणजे कमलाकांतच्या आई, गुणवंतीबाई. घरात शब्द त्यांचा. पोराने अंग धरलं तोवर पावसाळा आला नि बोटी बंद झाल्या. बोटी सुरू झाल्या तोवर घरात गौरी-गणपती आले. पोराला न्हाऊ घालायचं सखूने, धुरी द्यायची सखूने, रात्री खांद्यावर टाकून फेऱ्या घालायच्या त्याही सखूनेच. जयवंत तिच्यावाचून कोणाकडे राहीना. राजलक्ष्मीने घेतला की तो टाहो फोडी, मग तिचं कपाळ दुखू लागे आणि हाक येई, "वन्सं, जरा घेता का याला?" गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरजच सरत नव्हती आणि वैद्याला कोणी सोडत नव्हतं.

मुंबईचं म्हणाल तर सखूला ती कानांनी माहीत होती. गल्लीच्या तोंडाशी घोड्यांच्या ट्रामची घंटा वाजे ती तिला ऐकू येई. ट्राम तिने पाहिली ती मुंबईत उतरली त्या दिवशी, तीही पाठमोरी. पहाटे नळ यायचा, त्याच्या आधी उठायचं. दुपारी भांडी, संध्याकाळी दिवाबत्ती. मंडळी चौपाटीवर हवा खायला निघाली की मामी म्हणत, "सखू, घराला माणूस हवं गं, तुला पुढच्या खेपेला नेऊ." राणीच्या बागेत वाघ बघायला मंडळी गेली तेव्हा बरोबरच्या पुऱ्या सखूने लाटल्या. नवरात्रात महालक्ष्मीच्या जत्रेला गेली तेव्हा ओटीचं ताट सखूने भरलं. वाघ तिने पाहिला नाही आणि देवीही नाही. बोलाचीच कढी न्‌ बोलाचाच भात, आणि तो भात पुन्हा शिजवायचाही हिनेच.

एकदाच तिला बाहेर काढलं. राजलक्ष्मीच्या माहेरची दादरला वाडी होती, तिथे वनभोजनाचा बेत ठरला आणि कमलाकांत म्हणाला, या खेपेला ताईला नेऊच. सखू आदल्या रात्री झोपली नाही. गाडी परळवरून गेली, लालबागेकडच्या गिरण्यांची धुराडी लांबून दिसली, ती तिने मंजुळेसाठी मोजून ठेवली. आणि दादरला उतरून बघते तर काय, नारळाची झाडं, रहाट, भाताची खाचरं आणि चिखलात लोळणारी म्हैस. हे बघायला समुद्र ओलांडायचा होता का? हे तर तिच्या परसात होतं. झाडाखाली सतरंज्या पसरल्या आणि सखूला कोणीतरी मागल्या अंगणात पाटा-वरवंटा दाखवला. ती दिवसभर वाटण वाटत बसली.

तिला खरी मुंबई सांगायची ती शेवंती कोळीण. माझगावची. भाऊच्या धक्क्यावर मासळी घेऊन डोक्यावर पाटी ठेवून ती रोज गिरगावात यायची आणि मागल्या दाराशी टेकायची. सखू समुद्रकाठची, मासळी ताजी का ते कल्ले उचलून बघणारी, म्हणून दोघींचं जमलं. शेवंती एकदा पापलेटं मोजता मोजता थांबली आणि म्हणाली, "बाय, तू मुंबय बगाया आली का तुरुंगात? माज्या पाटीतल्या मावऱ्यानं तुज्यापेक्षा जास्ती मुंबय बगितली." सखू हसली, पण ते तिला लागलं. त्या दिवसापासून तिने शेवंतीला रस्ते विचारायला सुरुवात केली. धक्का कुठे, ट्राम कुठे जाते, बोट कधी सुटते. नुसतं विचारून ठेवलेलं बरं, एवढंच तिच्या मनात होतं.

दसऱ्याच्या सुमाराला चौलहून पत्र आलं. गणपतरावांनी शाळेच्या गुरुजींकडून लिहवून घेतलेलं. वाडीची खबर, जावेचं दुखणं, आणि शेवटी मंजुळेने सांगितलेल्या दोन ओळी. "आई, आधी डोळे मिटले की तुझं तोंड दिसायचं. आता दिसत नाही. काकी म्हणते तुझ्या नाकावर तीळ आहे, तो कुठल्या बाजूला?"

कमलाकांतने पत्र वाचून दाखवलं आणि घडी घालून दिलं. सखू चुलीपाशी गेली, तिथे तिला उभं राहवेना, पुन्हा बाहेर आली आणि म्हणाली की मला उद्याच्या बोटीत बसव. मामींनी सुपारी कातरायची थांबवली. कमलाकांत वाईट माणूस नव्हता, आणि तेच वाईट होतं. वाईट माणसावर ओरडता तरी येतं. लहानपणी सुट्टीत चौलला आला की हिच्याच मागे मागे तळ्यावर फिरायचा. तो गोड बोलून म्हणाला, "ताई, दिवाळीनंतर आपण तसबीर काढवतोय. तुझीही काढू, मंजुळेला पाठवू. तिला तोंड दिसल्याशी कारण. मग जयवंताचा वाढदिवस झाला की तू मोकळी."

सखूने विचार केला. तसबीर गेली तर पोरीला तीळ तरी सापडेल. ती राहिली. भाऊबीजेला तिने कमलाकांतला ओवाळलं, त्याने ताटात रुपया टाकला, तो तिने कनवटीला लावून ठेवला.

तसबिरीच्या दिवशी मामींनीच सांगितलं की चांगलं लुगडं नेस. सखूने लग्नातलं हिरवं लुगडं काढलं, कनवटीचा रुपया त्यात खोचला, नथ घातली, आरशात बघून कुंकू दोनदा पुसून पुन्हा लावलं. भाड्याची व्हिक्टोरिया दाराशी आली आणि तिला कोणी घर राखायला ठेवलं नाही. वाटेत ट्राम शेजारून गेली ती तिने पुढून पाहिली. जयवंताला मांडीवर नाचवत तिने त्यालाही दाखवली. त्या घटकेला तिचा वर्षाचा राग निम्मा उतरला होता, हे खोटं कशाला सांगावं?

फोटोग्राफर गुरुदत्त नावाचा तरुण गृहस्थ होता, माडीवर काचेच्या छपराची खोली, मागे पडद्यावर रंगवलेला बगीचा. त्याने कमलाकांतला पगडीसकट एका बाजूला उभं केलं, राजलक्ष्मीला दुसऱ्या बाजूला, मामींना खुर्ची दिली. सखू भिंतीशी उभी होती. तिने विचारलं, मी कुठे?

"बाई, तुम्ही मध्ये," गुरुदत्त म्हणाला.

सखूला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याने खरोखरच मधली खुर्ची पुसली. ती बसली, पदर सारखा केला, जयवंताला मांडीवर घेतलं. आणि मागून दोन गडी एक जाड गालिचा घेऊन आले आणि तिच्या डोक्यावरून टाकला. पोर तेवढं वर राहिलं. मागे ओढून, चुण्या घालून गालिचा असा बसवला की बघणाऱ्याला वाटावं, उंच पाठीची बैठक आहे आणि तिच्यावर बाळराजे विराजले आहेत.

आत काळोख, धूळ आणि कुबट वास. नथ ओठावर दाबली गेली. गुरुदत्त बाहेर समजावत होता की लहान मूल हलतं, तसबीर बिघडते, म्हणून ज्याच्याकडे ते गप्प राहतं त्याने असं खालून धरायचं. विलायतेतही असंच करतात. सखूने गालिच्याखालून कमलाकांतला हाक मारली. तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ही घरच्या माणसांची तसबीर आहे ना, ताई. कचेरीतल्या साहेबाला भेट द्यायची आहे. तुझी मग काढू."

"तसबीर उमटायची काच एकच तयार आहे हं, रावसाहेब," गुरुदत्त म्हणाला. "आज दुसरी नाही."

"मग पुन्हा कधीतरी," कमलाकांत म्हणाला. सखूने ते ऐकलं. मग म्हणजे पुढची खेप, पुढची खेप म्हणजे कधीच नाही, हे हिशेब तिला आता पाठ होते.

"सखू, हात आत घे, बांगड्या दिसतायत," मामी म्हणाल्या. तिने हात आत घेतला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आणि श्वास हळू घे जरा. गालिचा हलतो."

तिथे संपलं. वर्षभर नळ, चूल, दुपटी, दुसऱ्याच्या पोराची शी-सू, सगळं सखूने गिळलं होतं, पण श्वास घ्यायचा तो किती घ्यायचा हेही आता ही माणसं सांगणार होती. तिकडे चौलला पोरगी डोळे मिटून आईचं तोंड शोधतेय आणि आई इथे खुर्ची झालीय. बाहेर गुरुदत्त म्हणाला, आता कोणी हलू नका, सहा आकडे मोजेन. त्याचा हात भिंगाच्या झाकणावर गेला असेल नसेल, सखूने डाव्या हाताने पोराला छातीशी धरलं आणि उजव्या हाताने गालिचा डोक्यावरून भिरकावून दिला.

हाताला सवय, झाकण निघालंच. गुरुदत्त गोंधळून मोजत राहिला. एक, दोन. राजलक्ष्मी किंचाळून मागे सरली, मामी खुर्चीतून उठल्या, कमलाकांत हात पुढे करून वाकला आणि त्याची पगडी कानावर आली. जयवंताने सखूचं तोंड बघितलं, तिच्या गळ्याशी डोकं टेकलं आणि गप्प पडून राहिला. सखू हलली नाही. तिने त्या काळ्या पेटीच्या डोळ्यात सरळ बघितलं, पापणी न लववता, सहा म्हणेपर्यंत.

"नासवलीस," कमलाकांत म्हणाला. "अगं, साहेबाला द्यायची तसबीर नासवलीस तू."

"कमळा, पोर धरायला मी घरची, आणि तसबिरीत परकी होय?" सखू उठली. तिने जयवंताला राजलक्ष्मीच्या हातात दिलं. "घ्या वहिनी. तुमचंच आहे." पोराने लगेच टाहो फोडला. तो ऐकून सखूचे हात आपोआप पुढे झाले. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष होता? पण ती जिन्याकडे वळली.

मामींनी कपाळाला हात लावला. कमलाकांत जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "एकटी कुठे निघालीस? तुला रस्ते तरी माहीत आहेत का?"

"तू दाखवले नाहीस तेवढे सगळे माहीत आहेत," सखू म्हणाली आणि खाली उतरली.

गिरगावच्या रस्त्यावर तिने ट्रामला हात केला. पायधुनीपर्यंत ती लग्नातल्या लुगड्यात ताठ बसून गेली. माड्या गेल्या, देवळं गेली, मशिदी गेल्या, अत्तरवाले, काचवाले, पगडीवाले, सारी मुंबई दोन्ही बाजूंनी सरकत गेली, आणि रागाने तिला त्यातलं धड काही दिसलं नाही. याचंही तिला पुढे जन्मभर वाईट वाटलं. उतरून ती शेवंतीने सांगितल्याप्रमाणे मासळीच्या वासाच्या रोखाने चालत धक्क्यावर पोचली. रात्र शेवंतीच्या पडवीत काढली आणि सकाळी भाऊबीजेच्या रुपयातून तिकीट काढून ती रेवदंड्याच्या बोटीत बसली.

मंजुळा पहिल्यांदा जवळ आली नाही. जावेच्या मागे उभी राहून बघत राहिली. मग हळूच पुढे आली, आईच्या नाकाच्या उजव्या बाजूला बोट लावलं आणि म्हणाली, "इथे आहे."

पंधरा दिवसांनी गणपतरावांच्या नावे मुंबईहून टपाल आलं. पत्र कमलाकांतचं, चार पानी. आपल्या मंडळींनी भरल्या ठिकाणी आमची कशी शोभा केली त्याचा पुरावा सोबत जोडला आहे, बघून काय तो बोध घ्यावा, असं त्यात होतं. गणपतराव घाबरले आणि माफीचं उत्तर लिहवून आणतो म्हणाले. सखूने चारही पानं त्यांच्या हातून घेतली आणि चुलीत सारली. पुरावा तेवढा ठेवला.

पुठ्ठ्यावर चिकटवलेली तसबीर होती. कमलाकांतला तोंडच नव्हतं, नुसती पगडीची चार-पाच वर्तुळं. राजलक्ष्मीच्या जागी धूर. मामींची दोन नाकं आणि खुर्चीच्या आरपार गेलेला हात. आणि मधोमध सखू, लुगड्याच्या काठासकट, वाकड्या नथीसकट, तिळासकट स्वच्छ उमटलेली, गळ्याशी एक पोर. डोळे असे की गणपतरावांनी तसबीर जरा लांब धरली.

मंजुळा मांडीवर येऊन बसली. आईचं तोंड तिने बराच वेळ बघितलं, मग बोट बाजूला सरकवलं.

"आई, ही भुतं कोण?"

"ती होय?" सखू म्हणाली. "ती घरची माणसं."