बनूआत्या आणि शुक्रवारचा शब्द

खरवईच्या नव्या बिल्डिंगमध्ये, शलाकाच्या स्वयंपाकघरात, त्या आठवड्यात भाजीआमटीबरोबर एक इंग्रजी शब्दही शिजत होता. प्लकेट.

राजसीच्या शाळेत दुसरीच्या मुलांना दर सोमवारी असा एखादा अनवट शब्द देत. तो घरात रोजच्या बोलण्यात वापरायचा आणि शुक्रवारी आईबापांसमोर उभं राहून त्याची वाक्यं म्हणायची. राजसी आजवर एकदाही बोलली नव्हती. घरात तिची टकळी अखंड चालू, शाळेत मात्र ओठ शिवल्यासारखे. मागच्या वेळी तेजल टीचरनी शलाकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "येत्या शुक्रवारी तरी तिला बोलतं करा हो. नाहीतर पुढच्या टर्मला हळू शिकणाऱ्या मुलांच्या बॅचमध्ये बसवावं लागेल."

शलाका उल्हासनगरच्या कॉलेजातली बी.कॉम. 'हळू शिकणाऱ्या' हे शब्द काही तिच्या डोक्यातून जाईनात. त्या दिवसापासून ती झोपेतही लेकीच्या ओठांकडे बघत असावी.

"प्लकेट म्हणजे चिडलेल्या माणसाला शांत करणं. त्याची मनधरणी करणं. कळलं? आता वाक्य सांग."

राजसीने गॅसकडे पाहिलं. "मम्मी प्लकेट्स द कुकर."

"कुकरला नाही गं बाळा, माणसालाच!"

"पण तो चिडलाय ना. शिट्ट्या मारतोय."

पेपर वाचता वाचता कैलास हसला. "बरोबर आहे तिचं. तुझा कुकर माझ्यापेक्षा जास्त चिडतो."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला काय, ड्युटी केली की सुटलात. टीचरला तोंड मला द्यावं लागतं."

शेवटी शलाकाने मोबाइलवर शोधून दोन गुळगुळीत वाक्यं काढली. मॅनेजरने रागावलेल्या पाहुण्याला हॉटेलात केक देऊन प्लकेट केलं. राजाने शेजारच्या राजाला भेटी देऊन प्लकेट केलं. राजसी ती घोकत राहिली. ना ती कधी असल्या हॉटेलात गेली होती, ना कुठल्या राजाच्या घरी.

बुधवारी बुवापाड्यात कैलासच्या बहिणीची, स्वप्नालीची हळद होती. ह्या घरात पहिली हळद आत्याने लावायची, अशी रीत. कैलास-स्वप्नालीची बनूआत्या उल्हासनगर कॅम्प एकमधून निघालेली, रिक्षा मिळेना म्हणून अडकलेली. इकडे फोटोवाला घाई करत होता, "लाइट जा रही है, मॅडम, सुरू करो." स्वप्नालीच्या मैत्रिणींनी केली सुरुवात. आत्या पोहोचली तेव्हा नवरी कानापर्यंत पिवळी.

झालं! आत्या मांडवाबाहेर खुर्ची ओढून, पाठ फिरवून बसली.

"माझी काय गरज आता? चालू द्या तुमचं. ह्या मांडवात पाण्याचा थेंब घेणार नाय मी."

सरबत घेऊन शलाका गेली. "आत्या, चुकलंच आमचं. घोटभर घ्या ना."

"तू शिकलेली ना गं? तुला पण नाय कळलं?"

मग कैलास गेला. "आत्या, तू रुसल्याशिवाय आपल्याकडे लग्न लागलंय का कधी? माझ्या लग्नात तर वरात अडवली होतीस."

"अडवली होती, बरं केलं!" आत्या म्हणाली, पण ओठाचा कोपरा जरा हलला.

शेवटी स्वप्नाली स्वतः आली, तशीच ओल्या हळदीत. आत्याच्या पायाशी बसली. "आत्या, मी सगळी धुऊन टाकते. तुझ्या हाताने पहिल्यापासून लाव."

आणि खरंच, मोरीत जाऊन तोंड, हात, पाय धुऊन आली पोरगी. पिवळेपणा काही पुरता गेला नाही, पण आत्या उठली. पदर खोचला. "ए फोटोवाल्या, पयला तो कॅमेरा खाली ठेव. मी सांगते तवा काढ."

मांडवभर हशा पिकला. राजसीने शलाकाचा पदर ओढला. तिचे डोळे लकाकत होते. "मम्मी! स्वप्नाली आत्याने बनूआजीला प्लकेट केलं! हेच ना ते? मी हेच सांगणार टीचरला."

शब्द अगदी चपखल बसला होता. शलाकाला ते कळलंही. पण शाळेत बसणारे बाकीचे पालक डोळ्यांसमोर आले. त्यांच्यापुढे हळदीचं भांडण, रुसवे, मोरी? "घरातलं चव्हाट्यावर मांडायचं नसतं, राजू. हॉटेलवालंच म्हण."

राजसीचा चेहरा उतरला.

शुक्रवारी मुलांच्या बुटक्या बाकांवर पालक गुडघे मुडपून बसले होते. राजसीचं नाव आलं. ती पुढे गेली, हाताची घडी घातली. "द मॅनेजर..." एवढं म्हणाली आणि थांबली. पुन्हा, "द मॅनेजर..." नजर खाली फरशीवर. मागे कोणी तरी खोकलं. तेजल टीचरच्या हातातलं पेन कागदाकडे वळलं.

शलाकाला वाटलं, हे कुलूप मीच लावलं. ती बाकावरून अर्धी उठली. सगळे बघत होते, बघू देत. "राजू," ती मोठ्याने म्हणाली, "बनूआजीचं सांग."

राजसीने मान वर केली. आईकडे नीट निरखून पाहिलं, ही खरंच म्हणतेय का म्हणून. मग श्वास घेतला.

"माय बनूआजी वॉज अँग्री. नोबडी वेटेड फॉर हर. माय स्वप्नाली आत्या वॉश्ड ऑल द हळद अँड प्लकेटेड हर."

पुढच्या बाकावरच्या एक बाई खुदकन हसल्या, "अगंबाई, आमच्याकडे मावशी रुसते!" तेजल टीचरही हसल्या. "व्हेरी गुड! अँड इज आजी हॅपी नाऊ?"

हा प्रश्न काही घोकलेला नव्हता.

राजसी विचारात पडली. "येस टीचर," ती म्हणाली. "बट काल लग्नात जेवायला लेट झालं ना, देन शी वॉज अँग्री अगेन. देन माय पप्पा प्लकेटेड हर. विथ जिलेबी."

"इन इंग्लिश, राजसी."

"जिलेबीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात, टीचर?"

तेजल टीचरनी आधी राजसीकडे, मग शलाकाकडे पाहिलं. आणि राजसी तिथेच उभी, उत्तराची वाट बघत, जागेवर जायचं नावच घेईना.