माझ्या पोटात जळलेलं दार

मित्रांनो, मी काबूलमधल्या एका घरचा जुना तांब्याचा समोवार आहे. पोटात निखारे, भोवती पाणी आणि पुढे एक तोटी, एवढाच माझा संसार. महजबीनखाला, म्हणजे महजबीनमावशी, लग्न होऊन या घरी आली ती मला घेऊनच. तिचा माझ्यावर फार जीव. माझ्या चहाचं गल्लीभर कौतुक होई.

मग शहरातल्याच दोन फौजा शहरासाठी एकमेकींच्या उरावर बसल्या आणि त्यातल्या एकीचे सहा शिपाई आमच्या बैठकीत येऊन पसरले. त्यांचा म्होरक्या झलमय छातीवर हात ठेवून म्हणाला, "खाला, घाबरू नका. तुमचं रक्षण करायला आलोय. चार दिवसांचे पाहुणे समजा."

पाहुणे! अजूनही तो शब्द आठवला की माझ्या अंगाची आग होते. आमच्याकडे पाहुण्याला 'कधी निघणार' असं विचारत नाहीत. त्याने स्वतःहून पेला पालथा घालेपर्यंत यजमानाने चहा ओतत राहायचं, अशी रीत आहे. या मेल्यांनी सगळा हिवाळा एकही पेला पालथा घातला नाही. लढाई गल्लीच्या टोकाला चाले आणि हे शूरवीर गादीवर लोळत साखरेवरून एकमेकांवर बंदुका रोखत. कोळसा संपला तेव्हा त्यांनी खिडक्या मोडून माझ्या पोटात घातल्या. मग कपाट गेलं. मग अंगणाचं दार. घर राखायला आलेल्यांनी घराला दारच ठेवलं नाही!

हिवाळा सरून उन्हाळा लागला तरी ते हलले नाहीत. शेवटी झलमयने अंगणातल्या तुतीकडे बोट दाखवलं. "आता चहाला हे झाड पाडू."

झाड फळांनी लगडलेलं होतं. ती फळं वाळवून ठेवली तरच खालाच्या दोन नाती पुढचा हिवाळा काढणार होत्या. घरात दुसरं काही उरलंच नव्हतं.

खालाने सहाही पेले त्यांच्यादेखत पालथे घातले. यजमानाने असं करणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर थुंकणंच. झलमय मात्र हसला आणि त्याने आपला पेला पुन्हा सुलटा केला.

"माझी तहान कुठे भागलीय, खाला?"

"नाही ना भागली? मग बघ!" म्हणत तिने बत्ता उचलला आणि माझ्या तोटीवर घातला. उकळतं पाणी सतरंजीभर झालं, शूरवीर टुणकन उठले. "किटली-पातेली तुम्ही विकून खाल्लीत, समोवार मी फोडला. आता झाड तोडून काय उकळणार, तुमची डोकी?"

"या शहरात पाहुणचार म्हणून उरला नाही," असं पुटपुटत ते संध्याकाळी निघाले आणि थेट शेजारच्या घरात शिरले. तिथला समोवार धड होता. खाला मला मांडीवर घेऊन रडली. काही दिवसांत शेजारूनही लाकूड फोडल्याचे आवाज येऊ लागले.

तुती उभी आहे. नाती मोठ्या झाल्या आणि आता मला नवी तोटी बसवायची म्हणतात. मित्रांनो, मला घासा, कल्हई करा, असं मी म्हणणार नाही. घराला आधी दार बसवा. आणि बंदूक घेऊन आलेला कोणी स्वतःला पाहुणा म्हणवू लागला, तर त्याला पहिला पेलाच देऊ नका.