नाव पिल्लांचं

तिला सगळे कात्री म्हणत. शिवणकाम करायची म्हणून नव्हे हो, जिभेसाठी. गिऱ्हाइकाने श्वास रोखून माप दिलं की ही सगळ्यांसमोर म्हणायची, "पोट आत घेऊन माप देताय, मग कोट घालून श्वास घ्यायचा नाही असं ठरवलंय का?" पण गेला महिनाभर ही कात्री पार बोथट झाली होती, आणि केली कुणी? ओंजळीत मावतील अशा मांजरीच्या दोन पिल्लांनी.

पिल्लं सापडली चिंध्यांच्या पोत्यात. आई कुठे गेली देव जाणे. कात्रीच्या वडिलांनी, बाबांनी, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली. त्यांनी चुळबुळ्या काळीला नाव दिलं सेकंद आणि झोपाळू पिवळ्याला मिनिट. "राहू दे गं," म्हणाले. बायको गेल्यापासून त्यांनी लेकीकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. म्हणून राहिली.

आणि मग सुरू झालं. अस्तराच्या ताग्यावर शू. बेतून ठेवलेल्या कोटाच्या बाहीवर शू. इस्त्री करून घडी घातलेल्या पँटवर शू, तीसुद्धा गिऱ्हाईक दारात उभं असताना! कोपऱ्यात ट्रे ठेवला होता, तरी हा धिंगाणा. कात्री दिवसभर नाक फुगवून घरभर हिंडायची. मशीनवर बसली की चार टाके घालायची आणि उठायची, कुठेतरी ओलं झालं असेल म्हणून. गाद्या चाचपायची, उशा हुंगायची. रांडेच्यांनो, म्हणायची आणि पुन्हा फडकं पिळायची.

कापड खराब झालं तर दुसरं आणता येतं. तिला घोर लागला होता तो दादाचा.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. परगावी असायचा, महिन्यातून एका रविवारी यायचा. मागच्या खेपेला आल्या आल्या त्याने नाक मुरडलं आणि तिला स्वयंपाकघरात ओढून हळूच विचारलं, "हा वास बाबांचा तर नाही ना?"

"काहीतरीच काय! पिल्लांचा आहे."

"बघ हां. त्यांचं ते करताहेत तोवर राहू देत इथे. पण तुला त्यांचं करावं लागलं, तर मी त्याच दिवशी त्यांना आमच्याकडच्या वृद्धांच्या निवासात ठेवणार. जागा बघून ठेवली आहे. तुझी पाठ आधीच कामातून गेली आहे, आणखी ओझं नको."

माणूस वाईट नव्हता दादा. काळजीनेच बोलत होता, म्हणून तर त्याच्याशी भांडताही येईना. कात्रीने ठरवलं, पुढच्या खेपेला घराला कसलाही वास येता कामा नये.

नेमकं कुठे चुकतंय ते कळलं एका गिऱ्हाइकाकडून. जनावरांच्या दवाखान्यात नंबर लावणारी बाई कोटाचं माप द्यायला आली होती. तिने गाऱ्हाणं ऐकलं आणि विचारलं, "ट्रेमध्ये भरता काय?"

"काय भरणार? चिंध्या. घरात पोत्याने पडल्यात, फुकटच्या."

बाई हसत सुटली. "अहो, मग पिल्लांचं काय चुकलं? कापड दिसलं की बसायचं, हे तुम्हीच शिकवलंत की! आणि तुमच्या घरात कापडाशिवाय दुसरं आहे काय?"

कात्रीच्या तोंडात टाचण्या होत्या, गिळायच्याच राहिल्या. दोन आण्याची अक्कल, आणि आपल्याला सुचू नये!

त्याच संध्याकाळी वाळू आली. एकाचे दोन ट्रे झाले. वाळूवर मूठभर चिंध्या, दुसऱ्या दिवशी त्याहून कमी, मग चिमूटभर, मग नुसती वाळू. जुने डाग तिने व्हिनेगरच्या पाण्याने खसाखसा घासले आणि बेतलेलं सगळं कापड कपाटात कोंडलं. बारा दिवसांत पिल्लं अशी सुधारली की बघत राहावं. सेकंद तर वाळू उकरून, बसून, वर नीट झाकून यायची आणि मान ताठ करून बघायची. कात्रीला इतका आनंद झाला की तिने मिनिटाच्या कपाळाची पापी घेतली.

दादा रविवारी यायचा होता. गुरुवारी सकाळपासून दोन्ही पिल्लं तिच्याबरोबर मशीनच्या खोलीत होती, दार लावलेलं. दुपारी ती बाबांच्या खोलीत गेली, तर त्यांच्या खुर्चीची उशी ओली.

बाबा खिडकीशी उभे होते, पाठ करून. "मिनिटाचे उद्योग," ते म्हणाले.

कात्रीने खाली पाहिलं. मिनिट तिच्या पायाशी होता, नुकताच झोपेतून उठून आळस देत आलेला.

"फार माजलाय मेला," ती म्हणाली आणि उशी उचलली.

शुक्रवारी पुन्हा तेच. बाबांनी तेवढ्यात पायजमा स्वतःच धुऊन वाळत घातला होता, नको तितका घट्ट पिळून. त्यांचं बोलणं कमी झालं, पाणी पिणंही कमी झालं. तिने पेला पुढे केला की म्हणायचे, "तहान नाही." तिला रडू यायचं आणि रागही यायचा, कुणाचा ते कळेना. विचारावं कसं? ज्या माणसाने आयुष्यभर केसाएवढी चाकं चिमट्याने बसवली, त्याला लेकीने हे विचारायचं?

शनिवारी तिने जे केलं त्याला काय म्हणावं! दादा आला की पिल्लांकडे बोट दाखवता यावं म्हणून चिंध्यांचं पोतं आणून बाबांच्या खोलीत उपडं केलं, वर मिनिटाला ठेवलं आणि म्हणाली, "कर." मिनिटाने चिंध्या हुंगल्या, तिच्याकडे पाहिलं, आणि शेपटी वर करून थेट वाळूकडे चालता झाला.

"गाढवा, आत्ताच शहाणं व्हायचं होतं का रे?" ती ओरडली. मग त्याच चिंध्यांवर मटकन बसली.

रविवारी दादा दहालाच आला. बाबा खुर्चीत बसले होते, मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र. दादा वाकून पाया पडला आणि तसाच थबकला. वास आला होता.

"परत?" त्याने बहिणीकडे पाहिलं.

"पिल्लं रे," कात्री घाईघाईने म्हणाली. "हात टेकले मी त्यांच्यापुढे."

"महिना झाला, अजून तेच? बस झालं. बाबांच्या खुर्चीपर्यंत मजल गेली यांची! जाताना गाडीतून नेतो आणि गावाबाहेरच्या गोठ्याशी सोडतो." दोऱ्याच्या रिळांची टोपली त्याने टेबलावर रिकामी केली, दोन्ही पिल्लांना मानगुटीला धरून आत टाकलं आणि वर झाकण दाबलं. सेकंद आतून जिवाच्या आकांताने ओरडू लागली.

कात्री खरं बोलली तर बाबा जातात, न बोलली तर पिल्लं. तिने पदर नाही, मोजपट्टीच हातात घट्ट पिरगाळली.

"खाली ठेव ती टोपली," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही यात पडू नका. घाण करतात ती."

"त्यांनी नाही केलं. मी केलंय." बाबांनी मांडीवरचं वर्तमानपत्र बाजूला काढलं. "गुरुवारीही मीच. मुक्या जनावरांवर ढकललं, लाज वाटली म्हणून. हिला ठाऊक आहे. हिने तोंड उघडलं नाही."

दादा बहिणीकडे वळला. "तुला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंस?"

आता मात्र कात्री चालली.

"सांगितलं असतं तर आज या टोपलीत कोण असतं, दादा?"

दादाने हातातल्या टोपलीकडे पाहिलं. मग त्याने ती जमिनीवर ठेवली, झाकण काढलं. पिल्लं पळाली.

"डॉक्टरला दाखवलं का?" शेवटी त्याने विचारलं.

"कधी दाखवणार? तीन दिवस आम्ही दोघं एकमेकांपासून लपवतोय."

"उद्या जाऊ. मी थांबतो." मग जरा थांबून म्हणाला, "त्या निवासाला फोन करून जागा नको म्हणून सांगतो."

बाबांनी खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकले, उठायला गेले आणि थांबले. आजवर त्यांनी कुणाला हात मागितला नव्हता.

"अरे, बघत काय बसलास?" ते दादाला म्हणाले. "उठव मला. उशी धुवायला टाकायची आहे हिला."