तळाचे ठोके

गळाच्या दोरीला बांधायची शिशाची कांडी तिच्या चिमटीत होती – म्हणजे तसं दिसत होतं. डोळे सांगत होते की पेन्सिलीच्या तुकड्याएवढं करडं काहीतरी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये आहे. बोटं मात्र त्याबद्दल काहीच बोलायला तयार नव्हती. मर्नाने चिमूट जराशी सैल केली. कांडी नदीकाठच्या गोट्यांवर पडली, खट्ट झालं, तेव्हा कुठे तिला कळलं की ती पडली.

"हलकी घे," वरच्या अंगाला उभा असलेला डेल म्हणाला. तिचा धाकटा भाऊ. केस पिकले तरी धाकटाच. "पाणी उतरलंय. एवढं शिसं बांधून काय नांगर टाकणार आहेस?"

"तू तुझी काठी बघ."

"बघतोय की. मी काही गळाला लोकरीचं दुकान लावलेलं नाही."

ते खरं होतं. समुद्रातून नदीत चढणाऱ्या सॅमनला भूक नसते, गळाला लावलेली गाबोळी, म्हणजे माशांची अंडी, तो तोंडात धरतो ती नुसती जुन्या सवयीने, आणि धरली तशी थुंकतो. म्हणून गळाला गुलाबी लोकर बांधायची, ती त्याच्या दातांत गुंतते आणि थुंकायला एका श्वासाचा उशीर होतो. बाबा चिमूटभर बांधायचे. मर्नाने आज चांगला झुबका बांधला होता, तोही दातांनी गाठ ओढून, डेलकडे पाठ करून. बाबांना एक श्वास पुरायचा... मला किती लागतील, कोण जाणे.

आणि शिसं जड, कारण हलक्याचा ठोका आता तिच्यापर्यंत पोचलाच नसता. शिशाने तळावर रखडायचं नाही, बाबा म्हणायचे, आणि नुसतं वाहूनही जायचं नाही, म्हाताऱ्याच्या काठीसारखं टेकत टेकत चालायचं – टुक... टुक... – आणि तंगुसावर, गळाच्या त्या नायलॉनच्या दोरीवर, एक बोट ठेवून नुसतं ऐकायचं. मासा हिसका देत नाही, पोरांनो. एक ठोका चुकतो, बस्स. तो चुकलेला ठोका काठावर सगळ्यांच्या आधी मर्नाला कळायचा. बाबांच्याही आधी, आणि ते बाबांना आवडायचं नाही.

औषधाने छातीतली गाठ नेली आणि जाता जाता बोटांची टोकंही नेली. वाचलीस हेच मोठं, असं म्हणत चर्चमधल्या बायका बटाट्याची झाकलेली भांडी ठेवून गेल्या, आणि मर्नाने प्रत्येकीला हसून बरं म्हटलं. नसा परत येतील किंवा नाही येणार, डॉक्टर म्हणाले. इतक्या नीट इस्त्रीच्या माणसाला आणखी काय विचारायचं? पण हाताला सुई लावलेली असायची तेव्हा डोळे मिटून ती याच वळणावर येऊन उभी राहायची – हीच आल्डरची झाडं, हेच थंड पाणी, हेच टुक टुक – त्यावरच तर तिने उन्हाळा काढला. आज ठोका नाही कळला, तर काठी गॅरेजमध्ये बाबांच्या काठीशेजारी लागणार होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. डेलला तर हातांचंही नाही.

वरून खाली ओळीने गळ टाकायचा, असा इथला रिवाज. डेलने टाकला, मग मर्नाने, मग खालच्या अंगाला उभ्या असलेल्या एका लाल टोपीवाल्याने. एकाचा गळ अडला की खालच्यांचे तंगूस येऊन त्यात गुंततात. मर्नाचा अडला. बोटाखाली काहीच नव्हतं. दोरीवर ठेवलेलं दुसऱ्याच कुणाचं तरी बोट.

"बाई, तळ उपटून घरी नेणार काय?" लाल टोपीवाला गुंता सोडवत म्हणाला.

"घरी तळ आहे," ती म्हणाली, "मासाच नाहीये." तो हसला. बोलणं अजून वेळेवर येतं. तेवढं एक.

पुन्हा टाकला. तंगूस पाण्यावरून सरकत होता, आणि तो सरकतोय हे तिला दिसत होतं, एखादी बातमी वाचावी तसं.

"मर्ना, मार!"

तिने काठी उचलली. काठी हलकीच वर आली. गळ रिकामा होता.

"तंगूस थांबला होता की," डेल म्हणाला. "मला इथून दिसलं. तू..." मग त्याने तिच्या बोटाकडे पाहिलं. तंगुसाने कापलं होतं, रक्त मनगटापर्यंत आलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"कधीपासून?"

"जूनपासून."

तो थट्टा शोधत असावा, सापडली नाही. शेवटी म्हणाला, "मी सांगत जाईन ना तुला. बघून. थांबला की सांगेन."

त्याचं चांगलं होतं मनात, आणि म्हणूनच तिला नदीत बसकण मारावीशी वाटली. डेलला गळ बांधायला मी शिकवलं. डेलचं नाक मी पुसलं... "सांग," ती म्हणाली.

या खेपेला तिने हलकं शिसं लावलं. आता जडाचा उपयोग काय? टाकलं, काठी काखेत दाबली, आणि का कोण जाणे – मघाशी गाठ ओढताना दातांना तंगूस टोचला होता, ते आठवलं असेल – वाकून तंगूस खालच्या ओठाला लावला.

टुक.

थंड, ओला, इतका जवळ. टुक... टुक... आणि तिथला चपटा दगड, मग वाळूची गप्प जागा, मग पुन्हा गोटे, सगळं जागच्या जागी, तिने ठेवलं होतं तसंच. आणि तेवढ्यात ठोका चुकला.

चुकला. ओठावर बारीक थरथर आली. मासा डोकं हलवत होता, दातांतली लोकर सोडवत होता. काठी उचलायची तर ओठ काढावा लागणार. झुबका मोठा होता. वेळ होता. ती हलली नाही. थरथर थांबली, आणि शिसं पुन्हा चालू लागलं – टुक.

"काही होतं का?" डेलने हळूच विचारलं. "उन्हामुळे मला नीट दिसलं नाही."

"दगड," ती तंगूस ओठाशी धरूनच म्हणाली.

नदी मुकी झालीय, असं धरून चालली होती ती इतके दिवस, आणि ते किती सोपं होतं. नदी तर बोलत होती. मुळीच थांबली नव्हती. लाल टोपीवाल्याने टाकला, पाळी वरून खाली सरकली, आणि ती वाकून तशीच उभी राहिली, तंगूस प्रवाहाबरोबर खाली जाऊन पुरता ताणला जाईपर्यंत.