पुढची गाडी

१९९८ साली आमच्या घरात दोन राखाडी गाड्या होत्या. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या. एक आमच्या ह्यांची, दुसरी भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची. नंबरात शेवटचा आकडा तेवढा वेगळा. पण कुणाची कुठली, हे पहिल्या महिन्यातच पुसलं गेलं, कारण घराखालचं गॅरेज अरुंद आणि लांब, बोगद्यासारखं. गाड्या एकीमागे एक लागायच्या. सकाळी जो आधी निघेल त्यानं पुढची, दाराकडची घ्यायची, उरलेल्यानं मागची. किल्ल्या एकाच खिळ्यावर.

गॅरेजच्या बरोबर वर सासूबाईंची खोली. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच असत. ती खोली त्यांनी स्वतः मागून घेतली होती. खाली दोन्ही गाड्या आत आल्याचा आवाज ऐकला, की मगच त्या जेवायच्या.

सासऱ्यांपासून आमच्याकडे एक शिस्त होती. केलेलं बोलून दाखवायचं नाही. ‘मी तुझ्यासाठी अमुक केलं’ म्हणणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. भाऊजींच्या बुटांचे झिजलेले तळवे हे गुपचूप बदलून आणायचे. ह्यांच्या चष्म्याच्या दुकानाची गळकी पन्हळ भाऊजी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसवून यायचे. कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार अप्रूप वाटलं होतं. माझ्या माहेरी पाण्याचा पेला दिला तरी चार वेळा ऐकवायचे.

उन्हाळा सरता सरता गाडीच्या कंपनीचा फोन आला. ह्यांनी घेतला आणि आम्हाला जसाच्या तसा सांगितला. या गाड्यांत इंजिनाजवळच्या एका स्विचमध्ये तेल झिरपतं, वायर तापते, आणि गाडी बंद करून ठेवलेली असली तरी पेट घेऊ शकते. कंपनी सगळ्या गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणार होती. तोवर गाडी घरात लावायची नाही.

“बंद गाडी कशी पेटेल हो?” धाकटी जाऊ हसली. “मग उद्या मी झोपेतसुद्धा भाजी करपवेन!”

“तू जागेपणी करपवतेस तेवढी पुरे,” भाऊजी म्हणाले.

ह्यांनी मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. त्याच संध्याकाळी दोन्ही गाड्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, एकीमागे एक. सासूबाई फुगल्या. “पोरं घरी आली कधी, मला कळतच नाही.”

सोमवारी हे पुढची गाडी वर्कशॉपला घेऊन गेले, दुपारी दुरुस्त करून आणली आणि होती तिथेच लावली. कुणाला काही बोलले नाहीत. भाऊजी तेव्हा तलावावर होते. ते मुलांना पोहायला शिकवायचे. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “दादा, मी गाडी दाखवून येतो.” आणि सवयीनं पुढची घेऊन गेले.

वर्कशॉपमध्ये मेकॅनिकनं नंबर पाहिला आणि म्हणाला, “साहेब, हिचं काम कालच झालंय की.”

भाऊजींना वाटलं, दादानं काल दोन्ही गाड्या उरकल्या. आपल्याला वेळ मिळत नाही म्हणून. विचारायचं कशाला? येताना त्यांनी दादासाठी एक चांगला थर्मास आणला आणि टेबलावर ठेवून दिला. ह्यांनी थर्मास पाहिला, गाडी परत आलेली पाहिली, आणि धाकट्यानं आपलं काम करून आणलं असं समजून मान हलवली. संध्याकाळी दोन्ही गाड्या पुन्हा गॅरेजमध्ये गेल्या. सासूबाई पोटभर जेवल्या.

पुढे कंपनीचा आणखी एकदा फोन आला. भाऊजींनी उचलला. “झाल्यात हो, दोन्ही झाल्यात. तुमच्याकडेच नोंद राहिली असेल,” म्हणाले आणि ठेवला.

त्यानंतर सासूबाई वासाचं बोलू लागल्या.

“खालून जळकं येतंय गं.”

आम्ही दोघी जावा नाक वर करून उभ्या राहिलो. काही नाही. सासूबाईंचं नाक आधीपासून प्रसिद्ध. त्यांना कधी गॅसचा वास यायचा, कधी मेलेल्या उंदराचा, कधी शेजारणीच्या तेलाचा.

“आई, तुम्हाला वास येतो तसा आम्हाला पगार आला असता तर!” जाऊ म्हणाली. सासूबाईही हसल्या. पण खिडकी उघडून घेतली.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. हे खाली गेले, पुढच्या गाडीचं बॉनेट उघडून पाहिलं. सगळं लख्ख, नवीन स्विच बसवलेला. मागच्या गाडीचं तोंड भिंतीला टेकलेलं, तिचं बॉनेट उघडायला जागाच नव्हती. “ठीक आहे सगळं,” वर येऊन म्हणाले. सासूबाईंनी उशी नीट केली आणि वासाचा विषय बंद केला. मात्र त्या दिवसापासून दोन्ही गाड्या आल्याचा आवाज ऐकूनही त्या लगेच जेवायच्या नाहीत. थोडा वेळ जमिनीकडे बघत बसायच्या.

आणि मग तो रविवार. दुपारचं जेवण झालेलं, भांडी ओट्यावर, सगळे घरात. गाड्या आदल्या रात्रीपासून बंद. मी सासूबाईंच्या खोलीत पाणी ठेवायला गेले तर फरशी कोमट लागली. अनवाणी पावलांना ते आधी कळलं, डोक्याला नंतर. मी ओरडले.

हे खाली धावले आणि शटर वर केलं. आतून काळा धूर लोळत बाहेर आला आणि जिन्यानं वर चढला. भाऊजी त्या धुरातून वर गेले. सासूबाईंना चादरीत गुंडाळलं, पण मोडक्या हाडामुळे त्यांना घाईनं उचलता येईना. आम्ही रस्त्यावर उभ्या होतो. जावेनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की पुढे आठवडाभर वळ होते. फार वेळानं ते बाहेर आले, आई छातीशी, तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबलेलं. स्वतःचं तोंड मात्र उघडं.

बंब आला. दोन्ही गाड्यांचे सांगाडे उरले.

“तू नेली होतीस ना रे?” ह्यांनी विचारलं.

भाऊजी खोकत होते. “दादा... तू दोन्ही नेल्या होत्यास ना?”



भाऊजींची फुप्फुसं पुन्हा भरली नाहीत. पाण्यात उतरणं गेलं, मग जिना चढणं गेलं, दुसऱ्या वर्षी ते स्वतःही गेले. सासूबाई त्यांच्यामागे चार वर्षं जगल्या. ‘मी सांगत होते’ असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. संध्याकाळी जेवणाचं ताट समोर आलं की त्या कान द्यायच्या, आणि मग आम्ही भरवू तेवढे दोन घास खायच्या.

ह्यांनी पुन्हा गाडी घेतली नाही. पण जन्मभर न बोललेला माणूस एकाएकी बोलायला लागला. “मी दार लावलं. मी गॅस बंद केला. तुझी गोळी मी आणली, डब्यात ठेवली, डबा कपाटात आहे.” दुकानातली गिऱ्हाइकं गालात हसायची. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांतही ते नर्सला सांगत होते, “मी पाणी प्यायलो. पेला मी बाजूला ठेवला.”

आता आम्ही दोघी जावाच राहतो, तळमजल्यावर, खाली काही नसलेल्या घरात. झोपण्याआधी ती तिच्या खोलीतून हाक मारते, “ताई, शेगडी मी बघितली हं.”

“मीही बघितली,” मी सांगते. तरी दोघींपैकी एक कुणीतरी उठतेच.