कावेरीबाईंच्या फोनवर आलेला ओटीपी

कावेरीबाईंच्या पोटात आठवडाभर जे दुखत होतं, त्यावर लातुरातल्या एकाही डॉक्टरकडं औषध नव्हतं. गीतांजलीला मेडिकलची सीट मिळाली होती आणि त्यांच्या सत्यमला मिळाली नव्हती, एवढंच ते दुखणं.

गीतांजली म्हणजे देवणीला त्यांच्या शेतात खुरपायला येणाऱ्या महानंदाची पोरगी. सत्यमच्या क्लाससाठी बाईंनी लातुरात खोली केली, तेव्हा तिलाही शिकायला सोबत आणलं. गावात नाव झालं, बाईंचं मन लई मोठं. मन मोठं होतंच, पण खोलीतलं कामही काही कमी नव्हतं. निम्म्या भाकरी पोरगीच थापायची. परीक्षेचा फॉर्म भरताना महानंदाकडं धड फोन नव्हता, म्हणून "माझाच नंबर टाक गं," असंही बाईच म्हणाल्या. तेव्हा ही पोरगी डॉक्टर होईल असं कुणाच्या ध्यानीमनी होतं!

आणि सत्यमची सीट दुसऱ्या वर्षीही हुकली. माझ्याच खोलीत राहून, माझंच मीठ खाऊन माझ्याच पोराच्या पुढं गेली, या विचारानं बाईंच्या घशाखाली घास उतरेना. एकच आधार होता. ती कोट्यातून लागली असणार. निकाल लागला तेव्हा गीतांजली गावी होती, आणि तिचे मार्क विचारायची हिंमत मायलेकांपैकी कुणीच केली नाही. "तुझं काही चुकलं न्हाई, तिला कोटा हाय," असं बाई सत्यमला रोज सांगायच्या. ते ऐकलं की पोरगा दोन घास जास्त खायचा.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काकू, मी गीता. नांदेडच्या कॉलेजात आलोय आम्ही. प्रवेश पक्का करायला ओटीपी लागतोय. तुमच्या फोनवर आला असंल बघा. आज शेवटचा दिवस हाय."

आला होता. टुणकन वाजून आला होता. बाईंनी तो डोळ्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, "न्हाई बा. काहीच आलं न्हाई."

"पुन्हा पाठवते."

दुसराही आला. "इथं रेंजच न्हाई गं," बाई म्हणाल्या. रेंज नाही तर बोलणं कसं चाललंय, हे विचारायचं त्या घाबरलेल्या पोरीला सुचलं नाही. कॉलेजची खिडकी बंद होईपर्यंत एवढंच म्हणत राहायचं होतं. कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात महानंदानं लेकीच्या हातातून फोन घेतला.

"बाई, एक इचारू का? जीव घाबरून राहिलाय बघा. इथले साहेब म्हणले, पोरीचं नाव ओपनमधी हाय. आमचा जातीचा दाखला तर हाय की जवळ. मग ओपनमधी कसं गेलं? काही चुकलं तर न्हाई ना? सीट जाईल का वो? तुमच्याबिगर कुणाला इचारू?"

एकच आधार होता, तोही गेला. मनात आलं, सांगावं हिला, हाव, चुकलंय, या परत. पण पोरीला थाप मारणं सोपं होतं. महानंदा तिकडं त्यांच्याच शब्दाची वाट बघत उभी होती, आणि तिच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना.

"चुकलं न्हाई," त्या कशाबशा बोलल्या. "तिला कोट्याची गरजच पडली न्हाई. मार्कच तेवढे हायत. आमच्या पोरांच्या रांगेतून लागली ती."

"म्हंजे चांगलंच हाय ना, बाई?"

"चांगलंच हाय की."

मग त्यांनी शेवटी आलेल्या ओटीपीचा एकेक आकडा नीट वाचून सांगितला. "झालं, काकू!" गीतांजली तिकडून ओरडली. बाईंनी फोन ठेवला.

सत्यम क्लासहून येऊन दारातच उभा होता. "गीताचा फोन का? झालं तिचं?"

"झालं."

"कोट्यातूनच ना?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, पण बूट काढता काढता हात थांबला होता.

बाईंनी त्याच्या उतरलेल्या तोंडाकडं पाहिलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "कोट्यातूनच."

"वाटलंच मला," सत्यम म्हणाला आणि हात धुऊन जेवायला बसला.